दहा थाळ्यांवर

"कुपन हाय काय?" असं गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं आणि कृष्णातचा हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला. पाकीट बाहेर आलं. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात घडी घातलेली चार-पाच कात्रणं होती, त्यातलं नेमकं या हॉटेलचं कात्रण बोटांनीच चाचपून काढलं आणि काउंटरवर ठेवलं. ठेवल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. पहाटे सहाला दाजी गेले होते. दुपारी एकच्या सुमाराला पंचगंगेच्या काठावर त्यांना अग्नी दिला, नदीत बुडी मारली, आणि आता चार वाजायला वीस मिनिटं होती. मानेवरचे केस अजून ओले होते, शर्टाला धुराचा वास येत होता, आणि बहिणीच्या घरी न्यायच्या घासावर आपण कुपन लावतोय. कात्रण परत उचलावं असं त्याला वाटलं. पण वाटणं आणि हात हलणं यांच्यामध्ये आज सकाळपासून बरंच अंतर पडत होतं. तेवढ्यात त्या माणसानं कुपन उलटंपालटं करून पाहिलंसुद्धा. ही स्कीम जुनी झाली पावणं, तो म्हणाला, दहा थाळ्यांवर दोन फ्री होत्या त्या संक्रांतीला सरल्या, आता दहा थाळ्यांवर दुसरी चालू आहे. थाळ्या किती? कृष्णात म्हणाला, बारा.

"बारा म्हंजे घरात कारेक्रम हाय जणू?"

"व्हय."

"मग बसतंय की. लावतो."

त्यानं बिलावर काहीतरी खरडलं, कुपनाचा कोपरा फाडला आणि आत भटारखान्याकडं तोंड करून ओरडला. कृष्णात बाजूच्या बाकावर जाऊन बसला. मांडीवर त्याच्या घरचे स्टीलचे दोन मोठे डबे होते, रिकामे, आणि ते वाजू नयेत म्हणून त्यानं त्यांच्यावर हात ठेवले होते.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. पहिला घास बाईच्या माहेरून यायचा आणि भावानं तो आपल्या हातानं तिच्या तोंडात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. कडू घास म्हणतात त्याला. पिठलं-भाकरी, फार तर भात. तळण नाही आणि गोड तर नाहीच नाही. तो घास पोटात गेल्याशिवाय बाई पाण्याला शिवत नाही आणि तिनं घेतल्याशिवाय घरातलं दुसरं कोणी ताटावर बसत नाही. आक्काचं माहेर म्हणजे आता एकटा कृष्णात. आई-बाप मुरगुडात केव्हाच मातीला मिळाले. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते म्हणजे टेंबलाईवाडीतल्या दोन खोल्या आणि त्यात राहणारा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपर असलेला हा पंचेचाळिशीचा माणूस. घाटावरून परतल्यावर दाजींच्या झुंबर आत्तीनं त्याला शुक्रवार पेठेतल्या घराच्या दारातच गाठलं. ही ऐंशीची म्हातारी सकाळीच कागलहून आली होती आणि आल्या क्षणापासून मयताच्या घरचा सगळा कारभार तिच्या हातात गेला होता. तिनं त्याला सांगितलं, तुझ्या आक्कानं काल रातीपास्नं पाण्याचा थेंब घेतला न्हाय, म्हेरचा घास आल्याबिगर घेणार बी न्हाय, तवा आता घरला जा आणि शालनला म्हणावं पिठलं पातळच कर, पोरीच्या घशाखाली उतराय पायजे. कृष्णात व्हय म्हणाला. शालन दीड वर्षापूर्वी निपाणीला माहेरी गेली होती आणि आली नव्हती, हे आत्तीला ठाऊक नव्हतं. आक्काला ठाऊक होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती, आत्तीचा आवाज तिच्या कानावर नक्की गेला असणार, पण तिनं मान वर केली नाही.

म्हणून तो घरी गेला, मांडणीवरचे शालनचे डबे काढले, त्यांतली धूळ पुसली आणि इथं आला. सकाळपासून तो सगळ्याला व्हय म्हणत होता. पहाटे भाच्याचा, विश्वजितचा फोन आला, मामा लगेच या म्हणाला, तेव्हा व्हय. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले, त्रास झाला नसणार, तेव्हा व्हय. लाकडं आली का, तिरडीला बांबू पुरतील का, मुंबईच्या पाहुण्यांसाठी थांबायचं का, सगळ्याला व्हय, आणि लोकांना तेवढ्यात बरं वाटत होतं. चितेवर ठेवताना चार माणसं ओक्साबोक्शी रडली. त्यांतला एक तर दाजींच्या गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानाशेजारचा पंक्चरवाला होता, नात्याचा न गोत्याचा. कृष्णातनं डोळे बारीक करून बघितले, धुरानं तरी पाणी येतंय का ते. वारा उलटा होता. धूरसुद्धा नदीकडं गेला. तेव्हापासून त्याच्या पोटात एक भीती बसून होती, आणि ती भीती तरी होती म्हणून तो तिला जपून होता: घास घालताना आक्काच्या तोंडासमोर तोंड न्यावं लागेल, ती बघेल, आणि तिला कळेल की आपल्या भावाला काहीच होत नाहीये. आईनंतर आक्कानंच त्याला वाढवलं. बाकी जगाला तो गप्प माणूस म्हणून खपत होता. आक्काला गप्प आणि रिकामा यांतला फरक कळला असता, आणि तिलाही तो कळला तर मग त्याच्याकडं बघायला या पृथ्वीवर कुणी उरत नव्हतं.

भटारखान्यातून बेसन हाटल्याचा वास आला. वास आला एवढंच त्याला कळलं, त्यापुढं काही नाही. दीड वर्षात त्यानं असल्या बाकांवर किती संध्याकाळी घालवल्या असतील. आधी खानावळीचं कार्ड होतं, मग डबा लावला, मग एके दिवशी पेपरातून पत्रक पडलं आणि त्यात खालच्या कडेला ठिपक्या-ठिपक्यांची चौकट होती, मध्ये कात्रीचं चित्र. त्यानं कात्री घेतली आणि कापलं. पुढं ते अंगवळणीच पडलं. कोल्हापुरात त्या दोन-तीन वर्षांत हॉटेलं उगवली कुत्र्याच्या छत्रीसारखी, आणि प्रत्येकाची काही ना काही स्कीम. कृष्णात त्या सगळ्यांच्या अटी वाचायचा, खालच्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या. मूळ कुपन आणणं आवश्यक, झेरॉक्स चालणार नाही. एका बिलावर एकच. रविवारी आणि सणाला लागू नाही. काही ठिकाणी कुपन ऑर्डर देण्याआधी दाखवावं लागे, बिल झाल्यावर दाखवलं की मालक असा बघे जणू तुम्ही त्याचा चमचा चोरलाय. अनलिमिटेड रस्सा तिथं बसून खाणाऱ्याला. पार्सलला एक पिशवी, गाठ मारलेली, आणि ती गाठ सोडताना अर्धा रस्सा ओट्यावर. आजचं स्पेशल म्हणजे काल जे उरलं ते, हे त्याला महिनाभरात कळलं. स्टोअरमध्ये तरी वेगळं काय होतं, पडून राहिलेला माल आधी उचलायचा हा नियम त्यानंच भिंतीवर लिहून लावला होता. आणि दोन महिन्यांनी आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र कुठल्याच अटीत लिहिलेली नव्हती: कुपनं एकट्या माणसासाठी नसतातच. एकावर एक. दोघांच्या जेवणावर सूप. फॅमिली पॅक. दुसरी बिर्याणी तो फ्रीजमध्ये ठेवी आणि दुसऱ्या रात्री गार खाई, गरम करायचं त्याच्या मनात येत नसे.

शालन गेली तेव्हाही बाहेरचंच खाणं होतं. तिला बरं नव्हतं म्हणून त्यानं इडल्या आणल्या होत्या. तिनं पुडा उघडला, चटणीची पिशवी हातात घेतली, आणि ती न सोडता तशीच धरून बसली. मग म्हणाली, "तुमी एकदा रागवा तरी माझ्यावर." राग यायला काही झालंच नव्हतं, स्वयंपाक ती करत होती, कपडे धूत होती, मूलबाळ नव्हतं त्याबद्दल दोघं केव्हापासून बोलायचीच थांबली होती. तो म्हणाला, चटणी आंबट होईल, खाऊन घे. चार दिवसांनी ती आठवडाभर म्हणून निपाणीला गेली. आठवड्याचा महिना झाला. लोकांत भांडणं होतात, पोलीस येतात, पाच माणसं बसतात. यांच्यात कुणी आवाजही चढवला नाही. आक्का एकदा बोलली होती, निपाणीला जाऊन ये, हातापाया पड, बाईमाणूस तेवढ्यावर विरघळतं. तेव्हाही तो व्हय म्हणाला आणि गेला नाही.

दाजींना या कुपनांची मोठी मजा वाटे. माणूस कडक बोलायचा, मोठ्यानं हसायचा आणि जेवताना समोरच्याच्या ताटात न विचारता वाढायचा. रविवारी कृष्णात गेला की सीट कव्हरच्या रेक्झिनचा वास येणारे हात त्याच्या पाठीवर पडत आणि दाजी विचारत, काय स्टोअरकीपर, आज कोण फुकट घालतंय? एकदा तर त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं होतं, या कुपनावर हंबीररावांच्या घरी जन्मभर जेवण, अटी लागू नाहीत, खाली सही. कृष्णात हसला होता. हसला होता, हे त्याला आता बाकावर बसून आठवलं आणि त्यानं ते दोन-तीनदा तपासून बघितलं, खरंच हसला होता का. ती चिठ्ठी त्यानं कुठं ठेवली, ठेवली की फेकली, हे मात्र आठवेना.

आणि गेल्या बुधवारी दाजींचा फोन आला होता. ते त्याला आठवायचं नव्हतं. आठवायचं नव्हतं म्हणजे सकाळपासून तो त्याच्या कडेकडेनं फिरत होता, आता बाकावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून ते समोर येऊन बसलं. दाजी म्हणाले होते, "आंबोळ्या केल्यात तुझ्या आक्कानं. ये की रं. मला जरा गप्पा माराय माणूस पायजे." कृष्णात तेव्हा पाकीट हातात घेऊन दारात उभा होता. स्टेशन रोडच्या एका हॉटेलचं कुपन होतं, त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. तो म्हणाला, आज जमंना दाजी, रविवारी येतो. का जमंना हे दाजींनी विचारलं नाही. बरं म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी जरासे थांबले, दम लागल्यासारखे. रविवारी फाउंड्रीत स्टॉक मोजायचा होता. पुढचा दिवस सोमवार आणि मंगळवारी पहाटे भाच्याचा फोन. म्हणजे एका फुकटच्या पनीर मसाल्यापायी तो गेला नाही. त्या पनीरची चवसुद्धा त्याला सांगता आली नसती. कृष्णातनं हे स्वतःला सरळ शब्दांत सांगून बघितलं. लाज वाटायला हवी होती, आणि ती कुठंतरी लांब वाटतही होती, पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी भांडण चालावं तशी.

नाव पुकारलं तेव्हा तो उठला. पापड नको, असं त्यानं सांगितलं होतं, तरी पिशवीतून पापड दिसत होते. गल्ल्यावरचा म्हणाला, थाळी म्हटली की पापड आलाच पावणं, न्हाय खायाचा तर ठेवा बाजूला. मोठ्या दोन पिशव्या होत्या आणि एक तिसरी, लहान. एरवी गेटवर आलेला एक बोल्टसुद्धा तो मालासोबतच्या चलनाशी ताडून बघितल्याशिवाय आत घेत नसे. आज त्यानं पिशव्या स्कूटरच्या पुढं अडकवल्या, डबे पायांत ठेवले आणि निघाला.

हॉटेलच्या पुड्यांतलं जेवण तसंच घेऊन जाता येत नव्हतं. आत्तीला शालनच्या हातचं हवं होतं. जयंती नाल्याच्या अलीकडं लाकडाची एक बंद वखार होती, तिच्या कट्ट्याशी त्यानं स्कूटर लावली, डबे उघडून मांडले आणि एकेक पुडा सोडायला लागला. पिठलं एका डब्यात. भाकऱ्या दुसऱ्यात, फडक्यात गुंडाळून, घरच्यासारख्या. फडकंही त्यानं आठवणीनं आणलं होतं, यावरून त्याला स्वतःचंच नवल वाटलं. रडू येत नाही तो माणूस फडकं विसरत नाही. पापड, लोणच्याच्या पुड्या, कांद्याच्या चकत्या त्यानं एका पिशवीत कोंबल्या. रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी थांबलं नाही. मग त्यानं तिसरी, लहान पिशवी उघडली. आत पुठ्ठ्याचं खोकं होतं, गुलाबी, वर सोनेरी अक्षरात शुभकार्य स्पेशल असं छापलेलं आणि खाली फुलांची नक्षी. दोरी सोडली. आत अर्धा किलो जिलेबी, अजून गरम, पाक खोक्याच्या तळाला उतरलेला.

दहा थाळ्यांवर. घरात कारेक्रम हाय जणू. व्हय.

तो कट्ट्यावर बसला. खोकं मांडीवर. नेता येणार नाही हे उघडच होतं, मयताच्या दारात जिलेबी घेऊन जाणारा भाऊ म्हणून चार पिढ्या नाव निघालं असतं. परत द्यावी तर चार वाजून गेले होते, दिलेली गोष्ट ते घेणार नाहीत, आणि घेतली तरी का परत आणली ते सांगावं लागलं असतं. कुणाला द्यावी. समोर रिक्षावाला पेपर वाचत बसला होता. पण जिलेबी घेणारा माणूस विचारतो, कशाची? हे या गावात कुणीही विचारतं, विचारणं ही रीतच आहे, पोरगं झालं का, पास झालं का, साखरपुडा का. त्याला काय सांगायचं. नाल्यात टाकावी, तर आईनं लहानपणी ताटात राहिलेल्या शितापायी मारलेल्या चापट्या त्याच्या हाताला अजून ठाऊक होत्या, हात उचलला नाही. कट्ट्यावर सोडून जावं, तर सोनेरी अक्षरातलं ते खोकं लांबून दिसत होतं आणि पेठेतलं कुणीही येता-जाता त्याला ओळखणारं निघालं असतं. एक-एक वाट त्यानं स्टोअरमधल्या कपाटासारखी उघडली आणि बंद केली. शेवटी उरली ती सगळ्यात सोपी. त्यानं एक जिलेबी उचलली आणि खाल्ली.

गरम आहे, एवढं कळलं. दातांखाली कुरकुरली, पाक ओठांवर आला. गोड लागली नाही. त्याला वाटलं पहिल्या घासाला असं होत असेल, रात्रीपासून पोटात काही नव्हतं, तोंड वाळलेलं होतं. दुसरी खाल्ली. तिसरी जरा सावकाश, जिभेवर ठेवून. काहीच नाही. जिलेबी गोड असते हे त्याला माहीत होतं, मुरगुडात सव्वीस जानेवारीला शाळेच्या दारात उभं राहून खाल्लेली माहीत होती, आक्काच्या लग्नात पंगतीत दाजींच्या भावानं आग्रहानं अठरा वाढल्या त्या माहीत होत्या. आता तोंडात होतं ते नुसतं गरम आणि चिकट. गोड लागली असती तर तो थांबला असता. ती लागेना म्हणून खात राहिला, एकामागून एक, कुणीतरी नेमून दिलेलं काम असावं तसा. मोजायची सवय होती म्हणून मोजत होता. नवव्या जिलेबीला त्याच्या मनात आलं, आज जगात दाजी नाहीत. हे वाक्य सकाळपासून शंभर वेळा ऐकलं होतं, या वेळी ते कुणी म्हटलं नव्हतं. तो थांबला, वाट बघितली. वाक्य तसंच गेलं. मग त्यानं उरलेल्याही खाल्ल्या. खोक्याच्या तळाचा पाक बोटानं निपटला, कारण तो सांडला असता. खोकं चुरगाळून पापडांच्या पिशवीत घातलं आणि पिशवी वखारीच्या फाटकाच्या आत सरकवली. शेजारच्या नळाला पाणी नव्हतं. त्यानं रुमालानं हात पुसले, बोटं एकेक करून, मग तोंड.

शुक्रवार पेठेतल्या घरात शिरला तेव्हा सगळे त्याचीच वाट बघत होते. पाहुण्यांनी भरलेल्या सोप्यातून वाट झाली. कुणीतरी त्याच्या हातातले डबे घेतले. आत्ती म्हणाली लई येळ लागला रं बाबा, तिला भोवळ आली मगाशी, बस, आधी बस. पायांवर पाणी घालणारी बाई तांब्या घेऊन उभी होती, तिनं पायांवर घातलं, हातांवर घालायच्या आत आत्तीनं त्याला दंडाला धरून आत नेलं. डबा उघडून आत्तीनं वास घेतला, चांगलं झालंय म्हणाली, शालन न्हाय आली व्हय? कृष्णात आक्काजवळ मांडी घालून बसला. पत्रावळीवर अर्धी भाकरी आणि वर पिठलं वाढून तिनं ती त्याच्यापुढं ठेवली आणि आक्काला खांद्याला धरून भिंतीकडून इकडं वळवलं.

आक्काचं कपाळ मोकळं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते तसं पाहिलं. डोळे सुजले होते आणि त्या सुजेतून ती त्याच्याकडं बघत होती, त्याला ज्याची भीती वाटत होती अगदी तसंच, सरळ. दारात विश्वजित येऊन उभा राहिला. कृष्णातनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, आणि बोटं तिच्या तोंडापर्यंत नेली. हात अजिबात थरथरत नव्हता. थरथरायला हवा होता असं त्याला वाटलं. आक्कानं तोंड उघडलं, घास घेतला, त्याच्या बोटांना तिचे ओठ आणि जीभ लागली, आणि तिनं तोंड मिटलं.

ती चावायला लागली आणि मध्येच थांबली. भुवया जराशा जवळ आल्या. तिनं जीभ ओठांवरून फिरवली. मग तिची नजर खाली, त्याच्या बोटांवर आली, तिथून शर्टाच्या बाहीवर गेली आणि तिथून वर, त्याच्या तोंडावर. कृष्णातला त्याच क्षणी कळलं की रुमालानं काही गेलेलं नाही. नवऱ्याला जाळून चार तास झाले नाहीत आणि तिच्या तोंडात भावाच्या हातचा पाक होता. आता ती थुंकेल, किंवा तोंड फिरवेल, किंवा नुसती बघत राहील, आणि मग संपलं. आत्तीनं विचारलं, काय गं, उतरंना व्हय? पाणी देऊ? आक्कानं मान हलवून नको म्हटलं. ती पुढं वाकली. बायकांना वाटलं भावाच्या खांद्यावर डोकं टेकतेय.

"जिलबी?" ती त्याच्या कानाशी म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"कवापास्नं उपाशी हाईस रं किस्ना?"

याला व्हय म्हणता येत नव्हतं. सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला पुरलेला तो शब्द इथं बसेना आणि दुसरा त्याच्याकडं नव्हता. सांगायला तोंड उघडलं तर आतून आवाज आला तो शब्दाचा नव्हता, एखादं जड कपाट फरशीवरून ओढावं तसा काहीतरी होता, आणि तो थांबेना. पत्रावळ दिसेनाशी झाली. आत्तीचे पाय, विश्वजितची पँट, भिंत, सगळं पाण्यात गेलं. त्याला वाटलं आपण दाजींसाठी रडतोय, मग वाटलं नाही, आणि मग ते ठरवायचंही राहून गेलं. मागं कुणीतरी बाई हुंदका देत म्हणाली, बघा की, दाजींवर किती जीव हुता त्याचा, मगापास्नं दाबून धरला हुता बिचाऱ्यानं.

आक्कानं कुणाला काही सांगितलं नाही. तिनं तोंडातला घास चावून गिळला. मग त्याचं चिकट मनगट धरलं, त्याच्याच हातानं पत्रावळीवरची भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि दुसरा घास घेतला, त्याची बोटं पुसून काढावी तसा, सावकाश. झुंबर आत्ती उठली आणि सोप्यात जाऊन म्हणाली, घास पडला, पोरास्नी ताटं करा.